टाळ्या वाजवणारं कोर्ट

न्यायाधीशांनी आरोपीसाठी टाळ्या वाजवायच्या? अमेरिकेतल्या ड्रग कोर्टांविषयी आपल्याकडे कुठे चार ओळी छापून आल्या की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो उत्तरासाठी विचारलेला नसतो. चोरीत सापडलेला किंवा पुडी बाळगताना पकडलेला माणूस कोर्टापुढे उभा राहतो, तीन महिन्यांत काहीही घेतलं नाही असं सांगतो, लघवीच्या तपासणीचा कागद त्याला दुजोरा देतो. मग न्यायासनावरून टाळी पडते आणि सरकारी वकीलही तीत सामील होतो. हे ऐकून आपल्याकडच्या सभ्य माणसाचा घास घशात अडकतो. आम्ही आयुष्यभर सरळ वागलो, आमच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या?

तक्रार रास्त असेल. तिचा गुन्हेगारी कमी होण्याशी मात्र काही संबंध नाही. तरी हे मत आधी पुरतं मांडून घेऊ, कारण ते ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यापासून वकिलांच्या बार रूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतं आणि सभागृहात त्यासाठी बाकंही वाजतात. ते असं: गुन्हा तो गुन्हा. कोर्टाने शिक्षा करावी, उपचार दवाखान्याने करावेत. गर्दुल्ला सुधारत नसतो. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. त्याला आत टाका, आत माल मिळणार नाही, चार दिवस टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, भोगेल आणि आपोआप सुटेल. अमेरिकेचं काय घेऊन बसलात, त्यांच्याकडे पैसा उतू जातो. आणि एवढं झाल्यावर हुकमाचा एक्का: मनाची तयारी असल्याशिवाय व्यसन सुटत नाही, कोर्टाच्या धाकाने काय होणार? म्हणजे ड्रग कोर्ट एकाच वेळी फार मऊही आहे आणि फार सक्तीचंही. दोन्ही आरोप एका दमात करताना कोणालाही ठेच लागत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पहिलं ड्रग कोर्ट १९८९ मध्ये मायामीत सुरू झालं. क्रॅक कोकेनने शहर पोखरलेलं, तुरुंग तुडुंब, आणि न्यायाधीशांपुढे रोज तेच ते चेहरे. हर्बर्ट क्लाइन या न्यायाधीशांनी पर्याय शोधण्याचं काम अंगावर घेतलं, स्टॅन्ली गोल्डस्टीन त्या कोर्टात बसले, आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या त्या तिथल्या मुख्य सरकारी अभियोक्ता जॅनेट रीनो, ज्या पुढे क्लिंटन यांच्या काळात देशाच्या अ‍ॅटर्नी जनरल झाल्या. गुन्हेगारांना गजाआड पाठवणं हेच ज्यांचं काम, त्या बाईंवर भाबडेपणाचा आरोप जरा जपूनच करावा. पकडा, शिक्षा द्या, सोडा, परत पकडा या रहाटगाडग्याला ही मंडळी विटली होती. ड्रग कोर्टाचा जन्म करुणेपेक्षा वैतागातून झालेला आहे. (कानाला अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचणं हाही मायामीच्या कार्यक्रमाचा भाग होता. त्याची टिंगल करायची तर खुशाल करा, मी मध्ये पडणार नाही.) आज अमेरिकेत या घराण्यातली कोर्टं तीन हजारांवर गेली आहेत.

आता लाडांचा हिशेब. ड्रग कोर्टात दाखल झालेला माणूस कमीत कमी वर्षभर, बरेचदा दीड वर्ष कोर्टाला बांधलेला असतो. सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला न्यायाधीशापुढे हजेरी. आठवड्यातून दोनदा तरी लघवीची तपासणी, कोणत्या दिवशी ते आधी सांगायचं नाही, आणि नमुना देताना समोर माणूस उभा. समुपदेशन चुकवलं, खोटं बोललं, तपासणीत सापडला, तर परिणाम त्याच आठवड्यात: दिवसभर कोर्टात बसून इतरांच्या सुनावण्या ऐकायच्या, सार्वजनिक जागा झाडायच्या, नाहीतर एक-दोन रात्री कोठडीत काढायच्या. सुनावणीआधी न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचा वकील, प्रोबेशन अधिकारी आणि उपचार करणारे एका टेबलाभोवती बसून त्याच्या आठवड्याची चिरफाड करतात. सगळं पार पडलं तर खटला रद्द होतो किंवा शिक्षा कमी होते. नाही पडलं तर मूळ शिक्षा वाट बघत असतेच. 'त्यापेक्षा सरळ आत जातो, चार महिन्यांत मोकळा होईन' असा हिशेब करून ड्रग कोर्टाला नकार देणारे आरोपी तिथे असतात. लाड नाकारून तुरुंग मागणारा माणूस आपल्यापैकी कोणी पाहिलाय?

उलट प्रश्न असा की तुरुंगात तो काय करतो. तिथे तो कोणाला काही सांगत नाही, काही सोडत नाही, नोकरी शोधत नाही, घरच्यांना तोंड दाखवत नाही. दिवस मोजतो. शिक्षेच्या नावाखाली याहून कमी मागणी करणारी व्यवस्था शोधून सापडायची नाही. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलं की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री आणि तिचा वेग माणसाला आवरतो. त्याच्यानंतर अडीचशे वर्षांनी आपण अजूनही कठोरपणाच्या मागे लागलो आहोत, आणि वेगाचं म्हणाल तर आपल्या कोर्टांतल्या तारखा सगळ्यांना ठाऊक आहेत.

आता मुख्य मुद्दा: परत करतातच. हो, करतात. ड्रग कोर्टांवरचा सर्वांत मोठा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ओजमारी मिचेल, डेव्हिड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५४ मूल्यमापनं एकत्र करून तपासली. प्रौढांच्या ड्रग कोर्टांबाबत निघालेला निष्कर्ष असा की एरवी १०० पैकी ५० जण पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर ड्रग कोर्टातून गेलेल्यांपैकी साधारण ३८ सापडतात, आणि हा फरक तीन वर्षं तरी टिकतो. टीकाकार यातला ३८ उचलतात आणि नाचवतात: बघा, दर दहांत चौघं परत आलेच! ५० हा आकडा त्यांच्या हातून दरवेळी कसा निसटतो कोण जाणे. ज्या बारांनी पुन्हा कोणाचं घर फोडलं नाही, कोणाची सोनसाखळी ओढली नाही, त्यांची बातमी होत नाही, कारण न घडलेल्या चोरीची फिर्याद कोणत्याच पोलीस ठाण्यात नोंदत नाहीत.

आणि तुरुंगाचा निकाल काय? अमेरिकेच्याच न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने ३० राज्यांतल्या, २००५ मध्ये सुटलेल्या कैद्यांचा पाच वर्षं माग काढला. तीन वर्षांत दोन-तृतीयांश आणि पाच वर्षांत चारांतले तीन पुन्हा पकडले गेले. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत आत गेलेल्यांचं पाच वर्षांचं प्रमाण ७६.९ टक्के. या दोन आकडेवाऱ्यांतली माणसं सारखी नाहीत, त्यामुळे त्या थेट शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी मी करणार नाही. पण ७६.९ टक्के नापास करणाऱ्या शाळेने दुसऱ्या शाळेच्या निकालावर नाक मुरडावं, हा तोरा कुठून येतो?

इथे थोडा जाणकार टीकाकार पुढे सरसावतो. तो म्हणतो, ड्रग कोर्टवाले मुळात सुधारणारेच निवडतात, मग निकाल चांगला लागणारच. हा आक्षेप पोकळ नाही. अनेक मूल्यमापनं कच्ची आहेत, काहींनी मध्येच गळालेल्यांना मोजलंच नाही, आणि अशा अभ्यासांच्या भरवशावर मीही काही बोलणार नाही. म्हणूनच बाल्टिमोरकडे बघा. तिथे १९९०च्या दशकात २३५ आरोपींची वाटणी चक्क चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली: काही ड्रग कोर्टात, काही नेहमीच्या कोर्टात. निवडायला जागाच ठेवली नाही. आणि माणसं कशी, तर हेरॉइनला सरावलेली, आधी अनेकदा अटक झालेली. डेनिस गॉटफ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या कोर्टाकडे गेलेल्यांपैकी ८१ टक्के पुन्हा पकडले गेले होते, ड्रग कोर्टाकडे गेलेल्यांपैकी ६६ टक्के. हे ६६ टक्के तर टीकाकाराला लॉटरी लागल्यासारखे वाटतील. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती फारशी कोणी सांगत नाही: ड्रग कोर्टात टाकलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच प्रत्यक्ष मान्यताप्राप्त उपचार मिळाले होते. अर्ध्यांना औषध न देताही एवढा फरक पडला. मग पूर्ण औषध दिलं असतं तर काय झालं असतं, हे विचारायचं सोडून आपण औषधच बंद करा म्हणतो!

अमेरिका नको असेल तर ऑस्ट्रेलिया घ्या. न्यू साउथ वेल्समध्ये सिडनीजवळच्या पॅरामाटा इथे १९९९ मध्ये ड्रग कोर्ट सुरू झालं, आणि तेही तुरुंगाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठीच, म्हणजे सोपे गिऱ्हाईक मुळातच वगळून. तिथल्या सरकारी गुन्हे-सांख्यिकी विभागाने २००८ मध्ये सांगितलं की या कोर्टातून गेलेल्यांना पुन्हा शिक्षा होण्याची शक्यता तशाच इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी होती, आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात ३८ टक्क्यांनी. त्याच विभागाने २०२० मध्ये जुन्या आरोपींचा सरासरी तेरा वर्षांहून जास्त काळ मागोवा घेतला. फरक टिकून होता. तेरा वर्षं शेपूट सरळ राहिलं तर नळीवाल्यांनी काय म्हणायचं?

हे का घडतं, याचं उत्तरही उपलब्ध आहे आणि ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रोचक वाटतं. अमेरिकेत २३ ड्रग कोर्टं आणि तुलनेला सहा साधे न्यायालयीन जिल्हे घेऊन एक मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये त्याचा अहवाल आला. मुलाखतींत आधीच्या वर्षभरात गुन्हा केल्याचं कबूल करणारे ड्रग कोर्टाकडचे ४० टक्के निघाले, बाकीचे ५३ टक्के. लाळेच्या तपासणीत ड्रग सापडलेले २९ टक्के विरुद्ध ४६ टक्के. याच अभ्यासात दोन वर्षांतल्या प्रत्यक्ष अटकांचा फरक मात्र ठाम म्हणण्याइतका पक्का ठरला नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी तेवढंच उचलून आणेल. पण कशामुळे माणूस बदलतो हे शोधताना संशोधकांना सर्वांत वजनदार घटक सापडला तो आरोपीच्या मनातली न्यायाधीशाची प्रतिमा. हा माणूस मला नावाने ओळखतो, माझं ऐकून घेतो, बोलतो तसं करतो, आणि माझ्याशी न्यायाने वागतो, असं ज्याला वाटलं तो जास्त सुधारला. टाळ्यांचं गूढ एवढंच आहे. ज्याला आजवर कोर्टाने फक्त क्रमांकाने पुकारलं, त्याला त्याच खुर्चीतून शाबासकी मिळते, आणि त्याच खुर्चीतून पुढच्या आठवड्यात कोठडीही मिळू शकते. यात भावविवशता कुठे आली? घरातला कर्ता माणूस पोरांना याच दोन हातांनी वाढवतो.

'आत टाका, आपोआप सुटेल' या उपायाबद्दल दोन शब्द. नशा काही काळ बंद झाली की शरीराची सवय मोडते, डोक्यातली ओढ मोडत नाही. बाहेर पडलेला माणूस जुन्याच मापाने घेतो आणि तेच माप त्याला मारतं. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ड्रगच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट. पुन्हा गुन्हा न करण्याचा हा एक मार्ग आहे खरा. तोच अभिप्रेत असेल तर तसं स्पष्ट बोलावं.

राहता राहिली मनाची तयारी. व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात कोण मनाची तयारी करून येतं? बायको माहेरी निघून गेलेली असते, मालकाने शेवटचं बजावलेलं असतं, भावाने हाताला धरून रिक्षात बसवलेलं असतं. या सगळ्याला आपण घरच्यांचा आधार म्हणतो आणि कोर्टाने तेच केलं की सक्ती. उपचारांत खरी अडचण माणूस येण्याची नसतेच, टिकण्याची असते. आणि पहिल्या तीन महिन्यांत पळून जावंसं वाटतं तेव्हा दाराशी कोणीतरी उभं असणं महत्त्वाचं. ज्याला घर उरलेलं नाही, त्याच्या दाराशी कोर्ट उभं राहतं. मनाची तयारी ही बरेचदा उपचारांच्या मधल्या टप्प्यावर होते. तिला प्रवेशाची अट करणं म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असा नियम काढणं.

सगळी ड्रग कोर्टं चांगली असतात असं म्हणण्याइतका मी दुधखुळा नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ग्लिन काउंटीत एका ड्रग कोर्टाने क्षुल्लक कारणांवरून माणसं दीर्घकाळ कोठडीत सडवली. २०११ मध्ये ते चव्हाट्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी न्यायाधीशांना पद सोडावं लागलं. कित्येक कोर्टांनी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय व्यसनांवरच्या सिद्ध औषधांना बंदी घातली होती, म्हणजे न्यायाधीशाने डॉक्टरची चिठ्ठी फाडायची. २०१५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने अनुदानाला अट घातली तेव्हा ते कमी होऊ लागलं. कधीमधी गांजा ओढणाऱ्या पोराला वर्षभर या चरकात घालणं हा तर शुद्ध मूर्खपणा, त्याने तो बिघडतो. आणि केंद्रीय अनुदानाच्या नियमांनी हिंसक गुन्ह्यातल्यांना बाहेर ठेवलं, जिथे समाजाचा फायदा सर्वांत मोठा झाला असता तिथेच. पण हे दोष वाचून 'म्हणजे तुरुंगच बरा' हा निष्कर्ष कसा निघतो? प्रत्येक दोषाचं बोट एकाच दिशेला आहे: जिथे कोर्टं जास्त तुरुंगासारखी वागली, तिथे ती फसली. दुसऱ्या टोकाच्या मंडळींनीही फार खूश होऊ नये. ओरेगनने २०२१ मध्ये ड्रग बाळगणं गुन्ह्यातून काढून १०० डॉलरचा दंड ठेवला, हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. फोन फार थोड्यांनी केले, आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरलं. नुसतं मोकळं सोडणं म्हणजे उपचार नव्हे.

'आपल्याकडे हे शक्य नाही' हा शेवटचा बुरूज. आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालची विशेष न्यायालयं आहेत, पण ती खटले चालवायला. उपचारांवर देखरेख ठेवायला नाहीत. मात्र कायदा? तो १९८५ पासून पुस्तकात आहे, मायामीच्या चार वर्षं आधीपासून. एनडीपीएस कायद्याचं कलम ३९ वाचा. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याचं वय, पूर्वेतिहास, प्रकृती बघून, लगेच शिक्षा सुनावण्याऐवजी त्याच्या संमतीने सरकारमान्य संस्थेत उपचारांसाठी पाठवता येतं. त्याने बंधपत्र द्यायचं, वर्षभराच्या आत उपचारांचा अहवाल कोर्टाला सादर करायचा, तोवर या कायद्याखालचा गुन्हा करायचा नाही. शिवाय कलम ६४ अ आहेच, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देणारं. म्हणजे ड्रग कोर्टाची विटा-माती संसदेने कधीचीच आणून टाकली आहे. कमी आहे ती दर पंधरवड्याला हजेरी घेणाऱ्या एका न्यायाधीशाची. वर्षातून एकदा अहवाल मागणं आणि दर पंधरवड्याला डोळ्यात बघून विचारणं, यातच सगळा फरक सामावलेला आहे.

आणि उपचार करणारे नाहीत असं तर महाराष्ट्राने मुळीच म्हणू नये. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्याबद्दल लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केलं. चार दशकांचं ज्ञान त्या एका संस्थेत साठलंय. पैशाचं म्हणाल, तर लघवीच्या तपासणीचं किट, महिन्यातून दोन दुपारी आणि तीन वर्षं बदली न होणारा एक न्यायाधीश, यातलं काय सरकारला परवडत नाही? कैद्याला पोसणं परवडतं, त्याला पुन्हा पुन्हा पकडणारा हवालदार परवडतो, दरवेळी नव्याने भरलेलं आरोपपत्र परवडतं.

तेव्हा वाद घालायचाच असेल तर आकड्यांनी घालू. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर: प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयाने जाहीर करावं की गेल्या दहा वर्षांत कलम ३९ खाली किती जणांना उपचारांसाठी पाठवलं, किती जणांना दंड भरून घेऊन संध्याकाळी त्याच अड्ड्याच्या दिशेने सोडून दिलं, आणि दोन्हींपैकी किती जण दोन वर्षांत पुन्हा त्याच कठड्यात उभे राहिले. त्यानंतर एका जिल्ह्यात, दोनशे आरोपी, चिठ्ठ्या टाकून वाटणी, बाल्टिमोरसारखी. निकाल माझ्या विरोधात गेला तर मी हा लेख मागे घेईन. तोवर 'परत करतातच' हे वाक्य उच्चारणाऱ्याने ते कशाच्या आधारावर उच्चारलं, तेवढं सांगावं.